सून पाय आपटते तिथपर्यंत

मला चौकशीची खोड आहे. आमचे हे, म्हणजे तय्यब, लग्न झाल्यापासून मला एकच वाक्य ऐकवत आलेत, "तुला काय करायचंय?" मी म्हणते, करायचं काही नाही, पण कळायला तर पाहिजे. अल्लानं कान काय नुसते झुमके अडकवायला दिलेत?

नांदेडला इतवाऱ्यात आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे भाड्यानं द्यायचे, परत आले की धुवायचे, फाटले की शिवायचे, हा धंदा. सासऱ्यांनी दुकान टाकलं तेव्हा नाटकवाले, जलसेवाले यायचे. आता शाळाच जास्त. कोळणींची लुगडी, मावळ्यांचे अंगरखे, परीचे पंख, भांगड्याच्या लुंग्या, आणि मागच्या फळीवर पत्र्याच्या डब्यांत घुंगरू. डिसेंबर लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. शाळेच्या मॅडमशी बोलून बोलून माझी मराठी सुधारली असं लोक म्हणतात. तरी 'लई' म्हणल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही, ते सांभाळून घ्या.

गोष्ट सांगायची आहे पंढरी मास्तरांची. पंढरी सोनकांबळे. लोहा तालुक्यातल्या एका खेड्याचे. पूर्वी कलापथकात गायचे-नाचायचे, मग शाळांमधून डान्स बसवायला लागले. किल्लारीच्या भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले. बारीक अंगाचा, शर्टाची वरची गुंडी सुद्धा लावलेला माणूस. कोळीडान्ससाठी लुगडी पाहिजेत म्हणले. मी लुगडी काढली, टोपल्या काढल्या, आणि सवयीनं घुंगरांचा डबा पुढं सरकवला.

"घुंगरू नको, भाभी," म्हणले.

मला वाटलं, शाळा चिक्कू असेल, पैसे वाचवत असेल. मी म्हणलं, पहिलंच गिऱ्हाईक आहात, घुंगरू असेच न्या. तरी नको. आता कोळीडान्स आणि घुंगरू नाही? मिठाशिवाय कालवण झालं की ते! पुढच्या वर्षी आले, तेव्हाही नको. त्याच्या पुढच्या वर्षीही नको. लुगडं घ्यायचे, फेटा घ्यायचे, अगदी लाकडी बैल सुद्धा घेऊन गेले एकदा, पण घुंगराच्या डब्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. दुसरीकडून आणतात की काय म्हणून मी इतवाऱ्यातल्या बाकी दोन दुकानांत विचारून आले. तिथूनही नाही.

मग मला चैन पडेना. एका शाळेचे कपडे पोचवायच्या निमित्तानं मी त्यांचा डान्स बघायला गेले. आणि खरं सांगते, बघतच राहिले. पोरं नाचत होती, हात, मान, डोळे सगळं कसं तालात, पण पायाचा आवाज म्हणून नाही. घरात लेकरू आत्ताच झोपलेलं असलं की बाई कशी भांडी उचलते, तशी ती पोरं पाय टाकत होती. अगोदर टाच अधांतरी, मग चवडा, मग अलगद बाकीचा पाय. आधीच्या शाळेच्या डान्सनं स्टेजच्या फळ्या निघाल्या होत्या. यांच्या डान्सनं खिळा हलला नाही.

डान्स 'बसवतात' म्हणतात ना, मी मास्तरांना चिडवायची, "बाकीचे डान्स बसवतात, मास्तर. तुम्ही तर झोपवताय." ते हसायचे. पण का, ते सांगायचे नाहीत.

तेव्हा मी माझे अंदाज बांधायला लागले. पहिला अंदाज, यांचा पाय अधू असेल. तो खोटा ठरला, कारण मी त्यांना बस स्टँडवर एसटीमागं पळताना पाहिलं, आणि त्यांनी ती पकडली. दुसरा अंदाज त्यांच्या समाजाचा. बौद्ध झाल्यावर बऱ्याच घरांनी तमाशा, घुंगरू, हलगी सोडली. म्हणलं त्यातलं असेल. हे मी सरळ विचारलं. तर मास्तर म्हणले, "आमच्या जलशात ढोलकी बी होती आन घुंगरू बी. मी सुनेचं काम करायचो, भाभी. नऊवारी नेसून." म्हणजे माणसानं घुंगरू बांधलेले होते! आणि मग सोडले! झालं, माझी भूक आणखी वाढली. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. मास्तर लातूरला जायचे, उदगीर-अहमदपूरला जायचे, भोकरला जायचे. पण औसा ओलांडून किल्लारीच्या बाजूचं काम आलं की म्हणायचे, तारीख न्हाई.

तय्यब म्हणायचे, "तुला काय करायचंय?"

मधल्या काळात दुनिया बदलली. लातूरला ट्यूशनचं पीक आलं, मग नांदेडलाही आलं. कुठून कुठून पोरं यायला लागली डॉक्टर-इंजिनिअर व्हायला. चौकाचौकात पोरांचे फोटो लागले, गळ्यात हार, खाली मार्क. अकरावी-बारावीचं गॅदरिंग तर बंदच झालं, नाचणारी पोरं सातवीत संपायला लागली. डान्स बसवणाऱ्या मास्तरांचे हाल झाले. ज्या हॉलमध्ये सराव करायचे, त्याच्या खाली नाहीतर वर ट्यूशन निघाली. वर धडधड झाली की खालचे सर काठी घेऊन जिन्यात. एकेकाला हॉल सोडावे लागले. कुणी रिक्षा घेतली, कुणी मोबाईलचं दुकान टाकलं.

आणि आमचे पंढरी मास्तर? लातूरला साहेबराव म्हणून एक ट्यूशनवाले सर होते, त्यांच्या क्लासच्या बरोबर डोक्यावर मास्तरांनी हॉल घेतला आणि वर्षानुवर्षं टिकले. आठवड्यातले चार दिवस लातूर, बाकीचे नांदेड. साहेबराव सर स्वतः माझ्यापाशी म्हणाले होते, वर डान्स चालू आहे का कुलूप आहे तेच आम्हाला समजत नाही, असला शेजारी शोधून सापडायचा नाही. मग सगळ्यांचं एकमत झालं की मास्तर लई दूरचं बघणारे, ट्यूशनचं वारं त्यांना आधीच दिसलं होतं, म्हणून बिनआवाजाचा डान्स काढला. मी सोडून सगळ्यांना ते पटलं. मला कसं पटावं? घुंगरू त्यांनी सोडले तेव्हा ट्यूशन कुठं होत्या?

मग ते साल आलं. भूकंपाला वीस वर्षं होऊन गेली होती. मी आणि तय्यब कपड्यांची गाठोडी ओम्नी गाडीत टाकून लातूरला मास्तरांच्या हॉलवर गेलो होतो. दिवसाउजेडी, सराव चालू होता. दिपाली म्हणून चौथी-पाचवीतली एक पोरगी होती, लई गोड नाचायची. गाण्यात रुसायची जागा आली, आणि पोरीनं तोंड फुगवून जो पाय आपटला, धाडकन! खिडकीच्या काचा वाजल्या.

मास्तर ओरडले. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. ओरडले म्हणजे शब्द नव्हताच काही, नुसता घशातून आवाज. पोरगी रडायला लागली. मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ते भिंतीला टेकून खालीच बसले, आणि मग त्या लेकराला हात जोडून म्हणायला लागले, रडू नको बाळ, तुझं काही चुकलं न्हाई.

मी पोरांना पाणी प्यायला खाली पाठवलं. तय्यब चहा सांगायला गेले. मी मास्तरांच्या समोर बसकण मारली आणि म्हणलं, आज तुम्ही सांगितल्याशिवाय मी उठत नाही.

त्यांनी सांगितलं. भूकंपानंतरच्या थंडीतली गोष्ट. तिकडची गावं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. कोण्या एका संस्थेनं यांच्या कलापथकाला तिकडं धाडलं, नवी घरं कशी बांधावीत ते गाण्यातून सांगा म्हणून. शाहिरानं सासू-सुनेचा खेळ रचला. सासू म्हणते, घर जुन्यासारखंच पाहिजे, दगड-मातीची जाड भिंत, वर मातीचं माळवद. सून म्हणते, त्याच भिंतींनी माणसं खाल्ली, मला हलकं घर पाहिजे, मोठ्या खिडकीचं. भांडण चढत जातं, सगळं गाण्यात. शेवटी सून पदर खोचते, 'मग मी तुमच्या घरात पाऊल ठेवायची न्हाई' म्हणते, आणि घुंगरू बांधलेला पाय जोरात आपटते. ढोलकीची थाप बरोबर तिथं. नायगावला, लोह्याला सराव म्हणून खेळ केले, तर ह्या जागेला लोक शिट्ट्या मारायचे.

"गंमत बघा भाभी," मास्तर म्हणले. "भूकंपाचाच खेळ करायलो होतो आम्ही. आन भूकंप झालेल्या माणसांपुढं पाय आपटू नये, हे आमच्यातल्या एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई."

तिकडचा पहिलाच खेळ दुपारी ठेवला होता. तेलाच्या टाक्यांवर फळ्या टाकून स्टेज केलेलं, मागं पडदा नव्हता म्हणून शेडच्या पत्र्यालाच फळ्या भिडवलेल्या. लोक हसत होते. किती दिवसांनी हसत होते कोण जाणे. पुढंच एक गरोदर बाई बसलेली, दिवस भरत आलेले, ती सगळ्यांत जास्त हसत होती, सुनेची बाजू घेऊन मधे मधे बोलत होती. मग सुनेनं पाय आपटला. फळ्या उडाल्या, आणि पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडला. लोकांनी तो आवाज ओळखला. पुढं काय झालं ते मास्तरांना नीट सांगता येईना. सगळी माणसं एकदम उठली, जिकडं मोकळं रान दिसलं तिकडं पळाली. ती बाई पडली. तिच्यावरून माणसं गेली. मास्तर नऊवारीतच खाली उडी मारून तिला उचलायला गेले, तर तिनं पोट दोन्ही हातांनी धरलेलं. कुणीतरी मास्तरांना ढकललं. शाहिरानं सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं आणि गाडी काढली.

पायातले घुंगरू त्यांनी जीपमध्ये सोडले. कलापथकही सोडलं. पण नाच सुटेना, तेव्हा बिनआवाजाचा नाच काढला.

"आन आता ह्या ट्यूशनवाल्यांना तोच आवडतो," म्हणले. "माझ्या भीतीवरच माझं पोट चालायलंय, भाभी."

चहा आला होता, तो कुणी प्याला नाही. मी विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?"

"माहीत न्हाई."

"आन लेकराचं?"

त्यांनी मान हलवली.

"वीस वर्षांत विचारलं न्हाई?"

"कसं विचारू? विचारलं आन कुणी म्हणलं, गेलं, तर? न विचारल्यामुळं ते निदान अर्धं तरी जिवंत हाय."

या अल्ला! मला त्यांचा लई राग आला आणि लई कीवही आली. मी अशी बाई, शेजारच्या घरी पाहुणे आले तर कुठून आले ते कळेपर्यंत मला घास गिळत नाही. आणि हा माणूस एवढा मोठा सवाल छातीवर घेऊन वीस वर्षं चवड्यांवर चालत होता. रागाच्या भरात मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवत नाही. तय्यबनी मला दंडाला धरून खाली आणलं एवढं आठवतं.

नांदेडला आल्यावर मी गप्प बसेन होय? त्या भागातल्या एका शाळेच्या मॅडम माझ्याकडून फोनवर सांगून ड्रेपरी मागवायच्या. मी त्यांना फोन लावला. म्हणलं, भूकंपाच्या वर्षी अशा अशा गावात कलापथकाचा खेळ उधळला होता, त्यात एक गरोदर बाई पडली होती, एवढा तपास लावा. मला वाटलं महिना लागेल. मॅडमचा दुसऱ्याच दिवशी फोन. म्हणाल्या, अहो तपास कसला, अख्ख्या गावाला माहीत आहे. गुरम्मा नाव बाईचं. तो खेळ सगळ्या गावाला पाठ आहे, कारण ही येता-जाता सांगत असते. लेकराचं मी विचारलं, तर मॅडम गावात नवीन, त्यांना ठाऊक नव्हतं. पण गुरम्मानं निरोप दिला होता. त्या नाच्याला म्हणावं एकदा येऊन जा, मला त्याला एक विचारायचंय.

हा निरोप मी मास्तरांना तसाच सांगितला. ऐकून ते दुकानातून उठून गेले, आणि कपडे घ्यायला आले होते तेही विसरून गेले. मग येईनातच. फोन उचलेनात. ऐन गॅदरिंगच्या दिवसांत शाळांना त्यांनी नाही म्हणून कळवलं. साहेबराव सरांचा मला फोन आला की हॉलला कुलूप आहे, तब्येत बरी आहे ना? मला कळत होतं काय झालंय ते. ती बाई काय विचारणार, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. माझं लेकरू दे, म्हणणार. दुसरं काय विचारणार? आणि मलाही, खोटं कशाला बोलू, तसंच वाटत होतं.

शेवटी मी आणि तय्यब त्यांच्या घरी गेलो. मी दारातच सुरू झाले, चला, जाऊन या, जे असेल ते असेल. मास्तर खाली मान घालून बसलेले. माझे शब्द संपले, जे सहसा होत नाही. तेव्हा तय्यब बोलले. ज्यांनी जन्मभर मला 'तुला काय करायचंय' म्हणलं, ते म्हणले, "मास्तर, उठा. मी गाडी काढतो."

मास्तर उठले. माझ्या बोलण्यानं उठले नसते, हे मला मान्य आहे.

लातूर गेलं, औसा गेलं. दोन्ही बाजूला हरभरा उभा होता. मास्तर मागच्या सीटवर गाठोड्यासारखे बसलेले. मधे एकदा त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून बाभळीखाली उभे राहिले, आणि परत येऊन बसले. तय्यबनी काही न विचारता गाडी पुढं घेतली.

गाव नव्यानं वसवलेलं. रस्ते एवढे रुंद की या घरातल्या बाईनं त्या घरातल्या बाईला हाक मारायची तर घसा बसावा. एकासारखी एक सिमेंटची घरं, आणि प्रत्येकानं पुढं आपापला पत्रा टाकून घेतलेला. गुरम्माच्या दारातही पत्र्याचं शेड होतं, त्याखाली लाकडी तखत, तखतावर वाळत घातलेली मिरची. बाई पंचेचाळिशीची, मास्तरांच्याच वयाची, अंगानं भरलेली, कपाळावर विभूती. आम्हाला बघून म्हणाली, "कूड्री, कूड्री, बसा." मग मास्तरांकडं निरखून बघायला लागली. वरून खाली, खालून वर.

"मिशा ठेवल्यास व्हय," म्हणाली. "तवा लई देखणी दिसत हुतीस."

तय्यबना हसू आलं. मास्तरांना नाही. ते उभेच होते. हात त्यांनी पाठीमागं धरले होते. बाईनं पाणी दिलं, तेही घेतलं नाही. वीस वर्षं न विचारलेलं त्यांनी उभ्या उभ्या विचारलं.

"बाई, लेकरू?"

गुरम्मानं तांब्या खाली ठेवला. "मेलं," म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं हा माणूस आता पडतो. तय्यब त्यांच्या जवळ सरकले.

"तुज्या पायानं न्हाई," ती म्हणाली. "तुमी यायच्या आधीच हालायचं थांबलं हुतं ते. दोन-चार दिस झालं हुतं. मला ठाव हुतं. कुनाला बोलले न्हवते. खेळ आलाय म्हनले, म्हनून येऊन बसले. तेवढाच जीव रमंल."

हे खरं होतं का त्या माणसाच्या तोंडाकडं बघून तिनं बोलायचं ठरवलं, मला माहीत नाही. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं नाही. पहिल्यांदा आयुष्यात माझी जीभ अशी जागेवर राहिली. मास्तर मात्र रडत होते. आवाज न करता, सवयच ती. रडता रडता म्हणले, मग मला कशाला बोलावलं बाई, काय विचारायचंय?

गुरम्मानं पदरानं हात पुसले, आणि शाळेतली पोरगी विचारते तसं विचारलं, "त्या खेळाचं फुडं काय झालं?"

आम्हाला कुणालाच कळलं नाही.

"सून पाय आपटती, आन घरात यायची न्हाई म्हनती. तितवरच बघितला म्या. फुडं ती गेली का राह्यली? सासूचं काय झालं?" ती बोलत होती आणि तिचा आवाज बदलत होता. "समदी आली हिकडं. कुनी कांबळी दिली, कुनी भांडी, कुनी ज्वारी. खेळ घिऊन तुमीच आला एकटे. आन त्यो बी अर्धाच राह्यला. आमच्या घरात बी हेच भांडन हुतं. सासू म्हनायची, भित जाड पायजे. मी दोन दिस बोलले न्हवते तिच्याशी. त्या भितीखालीच गेली ती. मग सांग की, त्या दोघी बोलल्या का न्हाई फुडं?"

मास्तर म्हणले, बाई, विसरलो सगळं. खोटं बोलत होते. हॉलवर मला सुनेचं वाक्यसुद्धा त्यांनीच म्हणून दाखवलं होतं.

गुरम्मानं ऐकलं नाही. मिरची गोळा करून सुपात भरली, तखत झटकलं, आणि ओढून पत्र्याच्या भिंतीला लावलं. रस्त्यापलीकडच्या बायकांना हाक मारली. त्या आल्या, दोन-तीन म्हातारेही आले, कुणी लेकरू काखेत घेऊन आली. 'हाच व्हय त्यो' म्हणून मास्तरांकडं बोटं दाखवायला लागल्या. तय्यब गाडीतून एक लुगडं घेऊन आले, मी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी ते पँटवरूनच कमरेला गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला, आणि चप्पल काढून तखतावर चढले.

सुरुवातीला आवाज फुटेना. मग फुटला. सासू तेच, सूनही तेच, मान इकडं केली की सासू, तिकडं केली की सून. मी इतकी वर्षं या माणसाला पोरांना शिकवताना पाहिलं होतं, स्वतः नाचताना कधी पाहिलं नव्हतं. कंबर लवते कशी, भुवई उडते कशी! बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गुरम्मा अगदी पुढं उभी, सुनेची बाजू घेऊन मधे मधे बोलत होती. भांडण चढलं. सुनेनं पदर खोचला. 'मग मी तुमच्या घरात पाऊल ठेवायची न्हाई' म्हणून पाय वर उचलला.

तो पाय वरच राहिला. मग खाली आला, पण त्यांच्या नेहमीच्या रीतीनं, चवड्यावर, अलगद.

"असा न्हवं," गुरम्मा म्हणाली. "ती लई चिडली हुती."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, तय्यबकडं बघितलं. परत पाय उचलला, आणि डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जीव लावून खाली आपटला. तखत कडाडलं. पत्रा डोक्यावरून मागच्या भिंतीपर्यंत गडगडत गेला. कोंबड्या उडाल्या. काखेतलं लेकरू दचकून रडायला लागलं, आणि त्याच्या आईनं त्याला थोपटलं. पळालं कुणी नाही.

मास्तर तसेच उभे, पाय टेकलेला, तोंडावरून पाणी वाहतंय, सगळ्यांच्या तोंडांकडं एकेक करून बघतायत. मला वाटलं, झालं, आता खाली उतरतील. गुरम्मा पुढं झाली आणि तिनं तखताच्या कडेला हात ठेवला.

"थांबू नगं आता," म्हणाली. "मागल्या बारीला हितंच थांबलास."

मास्तरांनी पदर सारखा केला आणि पुढचं गायला लागले.